निसर्ग कोणाचा? दक्षिण आफ्रिकेतल्या कुंपणांचा इतिहास

केपटाउनमध्ये टेबल माउंटनच्या कुशीत कर्स्टनबॉश नावाचं जगप्रसिद्ध वनस्पती उद्यान आहे. तिथल्या एका उतारावर जुन्या, वेड्यावाकड्या, एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांची झाडओळ दिसते. ही रानबदामाची झाडं. नाव बदामाचं असलं तरी बी कडू आणि कच्चं खाल्लं तर विषारी. डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी यान फान रीबेक याने 1660 मध्ये ही झाडं लावून घेतली, ती कुंपण म्हणून. केपमधले मूळचे पशुपालक खोईखोई लोक ज्या कुरणांवर पिढ्यान्पिढ्या गुरं चारत आले होते, ती कुरणं कंपनीने डच शेतकऱ्यांना वाटून टाकली होती. त्यावरून लढाई झाली, खोईखोई हरले, आणि त्यांनी पुन्हा तिकडे फिरकू नये म्हणून ही झाडांची भिंत उभी राहिली. आज पर्यटक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

दक्षिण आफ्रिकेत निसर्ग आणि वर्णभेद यांचं नातं इतकं जुनं आहे. म्हणूनच तिथे वर्षानुवर्षं ऐकू येणारं एक वाक्य मला फार खटकतं: ‘काळ्या लोकांना निसर्गाचं काही पडलेलं नाही, पर्यावरण हा गोऱ्यांचा विषय आहे.’ गंमत म्हणजे हे वाक्य दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. गोऱ्यांनी ते तक्रारीच्या सुरात म्हटलं. अनेक कृष्णवर्णीयांनी ते झिडकारण्याच्या सुरात म्हटलं: गेंडे, फुलपाखरं आणि पानफुलं तुमची तुम्हाला लखलाभ. या झिडकारण्यामागे काय आहे ते समजून घ्यायचं तर आधी जमिनीची गोष्ट सांगावी लागेल.

कर्स्टनबॉशची स्थापना झाली ते वर्ष 1913. त्याच वर्षी जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने ‘नेटिव्हज लँड अ‍ॅक्ट’ मंजूर केला. देशाच्या लोकसंख्येत सुमारे दोन तृतीयांश असलेल्या आफ्रिकी लोकांसाठी या कायद्याने देशातली जेमतेम 7 टक्के जमीन राखून ठेवली. बाहेरची जमीन विकत घेण्याचा किंवा भाड्याने कसण्याचा त्यांचा हक्क काढून घेतला. 1936 च्या कायद्याने हा वाटा 13 टक्क्यांपर्यंत नेण्याचं ठरलं, पण मूळ गणित बदललं नाही.

एवढ्याशा जमिनीवर इतकी माणसं आणि त्यांची गुरं कोंबल्यावर जे व्हायचं तेच झालं. गवत मुळापर्यंत चरलं गेलं, माती उघडी पडली, पावसाने घळी पाडल्या. त्यातच झोपडीवरचा कर भरायला रोख पैसा हवा म्हणून घरातला कर्ता पुरुष वर्षातले बरेच महिने जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत. मागे राहिलेल्या बाया, म्हातारी माणसं आणि मुलं शेत सांभाळणार. बांधबंदिस्ती करायला हात कुठून आणायचे?

सरकारला माती वाहून जाताना दिसली, पण कारण मात्र वेगळंच दिसलं. सरकारी अहवालांत दोष आला तो आफ्रिकी शेतकऱ्याच्या अडाणीपणावर आणि त्याच्या गुरांच्या हौसेवर. 1939 मध्ये ‘बेटरमेंट’, म्हणजे सुधारणा, नावाची योजना आली आणि पुढची तीसेक वर्षं ती गावागावांत राबवली गेली. हे नेमकं कसं व्हायचं ते पाहण्यासारखं आहे. डोंगरउतारावर विखुरलेली घरं असायची. प्रत्येक घराजवळ गुरांचा गोठा, परसातली मक्याची शेती, पूर्वजांच्या कबरी. अधिकारी नकाशा घेऊन यायचा आणि गावाचे तीन भाग आखायचा: इथे राहायचं, इथे पेरायचं, इथे चारायचं. मग घरं मोडून सरळ रांगेत नवी बांधायची, तीही स्वतःच्या खर्चाने. चराईच्या भागाला तारेचं कुंपण. गोचिडांवर उपाय म्हणून गुरांना औषधी पाण्यात बुडवून काढायचे हौद असत, तिथे गुरं जमली की मोजदाद व्हायची. ठरवलेल्या संख्येपेक्षा जास्त भरली की ती काढून टाकायची, म्हणजे मिळेल त्या भावाने विकायची.

ज्या समाजात मुलाचं लग्न जमवताना गुरं द्यावी लागतात, बँकेचा पत्ता नसतो आणि आजारपणापासून अंत्यविधीपर्यंत सगळं गोठ्यावर अवलंबून असतं, तिथे गुरं काढून घेणं म्हणजे घरातली पुंजी उचलून नेणं. आणि हे सगळं ‘मृदसंधारण’ या नावाखाली. त्याच काळात गोऱ्या शेतकऱ्यांच्या रानातही माती वाहत होतीच. त्यांच्यासाठी 1946 चा मृदसंधारण कायदा आला, त्यात अनुदान होतं, सल्ला होता, कर्ज होतं. एकाच रोगावर एकाला औषध आणि दुसऱ्याला छडी.

लोक गप्प बसले नाहीत. 1950 मध्ये विट्झीसहुक इथे गुरं कमी करण्याच्या सक्तीवरून पेटलं आणि रक्त सांडलं. पूर्व किनाऱ्यावरच्या पोंडोलँडमध्ये सरकारने नेमलेले पुढारी, वाढते कर आणि जमिनीची ही ‘सुधारणा’ यांविरुद्ध उठाव झाला. 6 जून 1960 रोजी न्गकुझा टेकडीवर सभेला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, 11 जण ठार झाले. पोंडोलँडचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

ज्या माणसाच्या आठवणीत संवर्धन म्हणजे तारेचं कुंपण, मोजलेली गुरं आणि बंदुकधारी शिपाई आहे, त्याला तुम्ही झाडं लावण्याचं महत्त्व सांगायला गेलात तर तो तुमच्याकडे कोणत्या नजरेने बघेल? त्याला मातीचं मोल कळत नाही असं नाही. मातीचं नाव घेऊन घरात कोण घुसलं होतं हे तो विसरलेला नाही.

आता वन्यजीवांकडे वळू. क्रूगर राष्ट्रीय उद्यान जवळपास 20 हजार चौरस किलोमीटरचं आहे. सिंह, हत्ती, गेंडे पाहायला जगभरातून लोक येतात. पण तिथले प्राणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इतके कमी का झाले होते? मुख्यतः बंदुका आणि हस्तिदंत व कातड्याचा व्यापार यांमुळे. गोऱ्या शिकाऱ्यांच्या टोळ्यांनी कळपच्या कळप झोपवले. क्वागा हा झेब्र्याचा दक्षिणी प्रकार मांस आणि कातड्यासाठी मारून संपवला गेला. त्यातला शेवटचा प्राणी 1883 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. वर 1896-97 मध्ये बुळकांडीच्या साथीने गुरांबरोबर रानातली जनावरंही लोळवली. या शिकारीत आफ्रिकी लोकही सामील होते, काही पोटासाठी आणि काही गोऱ्या व्यापाऱ्यांच्या चाकरीत, हे खरं आहे. पण कायदे आले तेव्हा ते चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे होते. परवाना काढून बंदुकीने केलेली शिकार हा सभ्य गृहस्थाचा खेळ ठरला. कुत्री आणि फासे घेऊन केलेली शिकार गुन्हा ठरली. गावकऱ्यांच्या कुत्र्यांवर कर बसले, कुत्री गोळ्या घालून मारली गेली.

1898 मध्ये घोषित झालेल्या साबी राखीव क्षेत्रावर (पुढे यातूनच क्रूगर उद्यान झालं) 1902 मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हा अधिकारी आला आणि त्याने साबी व क्रोकोडाइल या नद्यांमधल्या वस्त्या उठवायला सुरुवात केली. नंतर काही वस्त्या राहू दिल्या, कारण कामाला माणसं हवी होती आणि खंडही मिळत होता. मोझांबिकमधून खाणींच्या वाटेवर असलेले मजूर हद्दीत सापडले तर त्यांना घुसखोर म्हणून पकडलं जाई आणि शिक्षा म्हणून उद्यानातली कामं करून घेतली जात. पर्यटक ज्या रस्त्यांवरून मोटार हाकत सिंह शोधतात, त्या उद्यानाच्या उभारणीत असे हात आहेत.

गोऱ्यांचं निसर्गप्रेमही इतिहासातूनच घडलं, ते कुठून आकाशातून पडलं नाही. हा भाग सहसा सांगितला जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. 1926 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला तेव्हा ब्रिटिश आणि बोअर (डच वंशाचे गोरे शेतकरी) यांच्यातलं बोअर युद्ध संपून फक्त 24 वर्षं झाली होती. त्या युद्धात ब्रिटिशांच्या छळछावण्यांत बोअर बायका-मुलं हजारोंनी मेली होती (छावण्यांत कृष्णवर्णीयही हजारोंनी मेले, त्यांची मोजदादसुद्धा नीट झाली नाही). इंग्रज आणि बोअर या दोन गोऱ्या समाजांना एका देशात नांदवायचं तर दोघांना आपलंसं वाटेल असं काहीतरी हवं होतं. जंगल त्या कामी आलं. उद्यानाला बोअर प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांचं नाव दिलं गेलं आणि ते प्राण्यांचे थोर रक्षणकर्ते म्हणून रंगवले गेले. इतिहासकार जेन कॅरुथर्स यांनी पुढे कागदपत्रांतून दाखवून दिलं की क्रूगर यांना संवर्धनाचा असा काही विशेष ध्यास नव्हता. पण आख्यायिका रुजली. हिवाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन क्रूगरला जाणं हा गोऱ्या मध्यमवर्गाचा रिवाज झाला. तिथलं रान म्हणजे माणसाचा स्पर्श न झालेली पवित्र भूमी, अशी समजूत पक्की झाली. माणसं हलवली होती, म्हणून ती दिसत नव्हती.

उद्यानाच्या उत्तर टोकाला, लुवुवू आणि लिंपोपो या नद्यांच्या संगमाजवळ माकुलेके लोक राहत. 1969 मध्ये सुमारे 3 हजार जणांना बंदुकीच्या धाकावर तिथून उठवलं. आपल्या झोपड्यांना त्यांना स्वतःच्या हातांनी आग लावायला लावली. जमीन क्रूगरला जोडली गेली.

वर्णद्वेषी राजवट गेल्यावर 1994 मध्ये जमीन परत मिळवण्याचा कायदा झाला. 19 जून 1913 नंतर ज्यांची जमीन वर्णभेदी कायद्यांमुळे गेली, त्यांना दावा करता येऊ लागला. माकुलेके लोकांनी दावा केला आणि 1998 मध्ये सुमारे 24 हजार हेक्टर जमीन पुन्हा त्यांच्या नावावर झाली. त्यांनी तिथे पुन्हा वस्ती केली नाही. ती जमीन वन्यजीवांसाठीच राखायची, खाणकाम करायचं नाही, पर्यटनाचं उत्पन्न मात्र गावाचं, असा करार त्यांनी केला. 2007 मध्ये तिथल्या पाणथळ जागेला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यताही मिळाली. ज्यांच्याबद्दल ‘यांना जंगल दिलं तर संपवतील’ असं म्हटलं जायचं, त्यांनी जंगल हातात आल्यावर ते राखायचं ठरवलं. या एका उदाहरणाने सगळं सिद्ध होत नाही. करारात सरकारची अटही होती आणि पर्यटनाच्या पैशाचं वाटप हा गावात वादाचा विषय असतोच. तरी मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथे माणसं तीच आहेत आणि रानही तेच, फक्त सातबारा बदलला.

शहरांतही हेच घडलं. 1950 च्या ‘ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट’ने कोणत्या वर्णाने कुठे राहायचं हे ठरवलं. केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा डोंगराच्या पायथ्याचा, बंदराजवळचा गजबजलेला भाग 1966 मध्ये ‘फक्त गोऱ्यांसाठी’ जाहीर झाला आणि सुमारे 60 हजार लोकांना केप फ्लॅट्सच्या वाळूच्या, वाऱ्याच्या पट्ट्यात पाठवण्यात आलं. रत्नागिरीकडून गेलेल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांनाही या कायद्याने जुनी घरं सोडायला लावली. केपटाउनमध्ये भारतीय वंशाच्या लोकांसाठी रायलँड्स हा भाग नेमून दिला होता. समुद्रकिनारेही वाटले गेले. पोहण्याजोगे चांगले किनारे गोऱ्यांचे, खडकाळ आणि धोक्याचे इतरांचे. ऑगस्ट 1989 मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू आणि शेकडो लोक ‘फक्त गोऱ्यांच्या’ किनाऱ्यावर सहलीला म्हणून निघाले, तेव्हा समोर कुत्री आणि चाबूक घेतलेले पोलीस होते. ज्या मुलाला समुद्रात उतरायलाच मनाई होती त्याने समुद्री जीवांबद्दल कुतूहल बाळगावं, ही अपेक्षा करताना हे आठवायला हवं.

आणि वीज. देशभर कोळसा जाळून वीज तयार होत होती, पण 1990 च्या सुमारास जेमतेम एक तृतीयांश घरांत ती पोहोचली होती. जोहान्सबर्गला लागून असलेल्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत लोक चुलीत कोळसा पेटवत, आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी वस्तीवर धुराचं झाकण बसे. 2018 मध्ये केपटाउनमध्ये पाणी संपायची वेळ आली, माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा घातली गेली आणि जगभर बातम्या झाल्या. सार्वजनिक नळावर रांग लावून बादलीने पाणी नेणाऱ्या वस्त्यांना त्यात नवीन असं फारसं काही नव्हतं.

मग बदल कुठे झाला? माझ्या मते पर्यावरण या शब्दात धूर, नळ आणि कारखाना आले तेव्हा. डर्बनजवळच्या केटो रिज इथे थॉर केमिकल्स ही ब्रिटिश मालकीची कंपनी परदेशातून पाऱ्याचा विषारी कचरा आणत असे, त्यात अमेरिकेचाही कचरा होता. कामगारांना विषबाधा झाली, खालच्या ओढ्यात पारा सापडला. एप्रिल 1990 मध्ये त्याविरुद्ध मोर्चा निघाला तेव्हा त्यात रासायनिक कामगारांची संघटना होती, ओढ्याकाठचे गावकरी होते, गोरे शेतकरी होते आणि अर्थलाइफ आफ्रिका ही नवी पर्यावरण संघटनाही. मंडेला तुरुंगातून सुटून दोनच महिने झाले होते. कामगाराच्या रक्तातला पारा आणि नदीतल्या माशातला पारा एकच आहे, हे या मोर्च्यात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

डर्बनच्या दक्षिणेला मेअरबँक आणि वेंटवर्थ आहेत. पहिला भाग भारतीय वंशाच्या लोकांना, दुसरा ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, ठरवलेल्यांना नेमून दिलेला, आणि दोन्हींच्या उशाशी त्या काळी दोन तेलशुद्धीकरण कारखाने आणि एक कागद कारखाना होता. तिथल्या सेटलर्स प्राथमिक शाळेतल्या मुलांची 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला तपासणी झाली, तेव्हा निम्म्याच्या आसपास मुलांमध्ये दमा आढळला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. या वस्त्यांतल्या लोकांनी बादल्यांत हवेचे नमुने घेतले, सल्फर डायऑक्साइडचे आकडे मागितले, आंदोलनं केली. त्यांना ‘पर्यावरणप्रेमी’ कोणी म्हटलं नसेल, पण देशातली सगळ्यात चिवट पर्यावरण चळवळ तिथे उभी राहिली. 1996 च्या संविधानात कलम 24 आलं: आरोग्याला अपाय करणार नाही अशा पर्यावरणाचा प्रत्येकाला हक्क. मार्च 2022 मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे सांगितलं की कोळशाच्या पट्ट्यातली विषारी हवा हा तिथल्या रहिवाशांच्या हक्कांचा भंग आहे.

जुनी जखम मात्र भरलेली नाही. गेंड्यांचंच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झुलू प्रदेशातल्या उमफोलोझी भागात मोजके पांढरे गेंडे उरले होते. तिथे 1895 मध्ये राखीव क्षेत्र झालं म्हणून ही जात वाचली, आणि हे श्रेय कोणी नाकारू नये. पण 2007 मध्ये देशभरात 13 गेंडे चोरट्या शिकारीत मारले गेले होते, 2014 मध्ये ती संख्या 1,215 झाली. शिंगाच्या काळ्या बाजाराची सूत्रं दूर कुठेतरी हलतात. कुऱ्हाड आणि बंदूक घेऊन आत शिरणारा तरुण मात्र कुंपणालगतच्या गावातला असतो, मोझांबिकचा किंवा इकडचा. त्याला थोपवायला हेलिकॉप्टर आणि सैनिकी प्रशिक्षण घेतलेले रक्षक आले. गावांना त्यात जुनीच राजवट दिसली तर नवल नाही. आणि त्याच उमफोलोझीच्या सीमेवर कोळसा खाणीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या फिकिले न्त्शांगासे यांना ऑक्टोबर 2020 मध्ये घरात घुसून गोळ्या घालण्यात आल्या. निसर्गाची पर्वा नसलेल्या समाजातली बाई खाणीला विरोध करून जीव गमावत नाही.

आता पोंडोलँड. डिसेंबर 2021 मध्ये शेल कंपनी तिथल्या ‘वाइल्ड कोस्ट’ किनाऱ्याच्या समुद्रात तेल आणि वायू शोधायला भूकंपीय चाचण्या, म्हणजे मोठ्या आवाजाच्या लहरी सोडून समुद्रतळाखालची तपासणी, करणार होती. विरोध सुरू झाला तेव्हा खनिज आणि ऊर्जामंत्री ग्वेडे मंटाशे म्हणाले की हा विरोध म्हणजे पर्यावरणाचा मुखवटा घातलेला वर्णभेद आणि वसाहतवाद आहे. मंटाशे स्वतः खाणकामगारांच्या संघटनेतून वर आलेले नेते. त्यांच्या बोलण्याला धार आली ती याच इतिहासामुळे. निसर्गाच्या नावाने काळ्या माणसाचा घास काढून घेतला गेला, हे खोटं कुठे आहे? म्हणूनच हा युक्तिवाद इतका जोरकस वाटतो आणि म्हणूनच तो वापरायला इतका सोयीचा आहे.

पण न्यायालयात अर्ज घेऊन कोण उभं होतं? पोंडोलँडच्या अमादिबा भागातले गावकरी या लढ्यात होते. न्गकुझा टेकडीचा उठाव त्यांच्या घराघरांत सांगितला जातो. किनाऱ्यावरच्या टायटॅनियमच्या खाणीला ते आधीपासून विरोध करत होते, आणि त्यांचे नेते सिखोसिफी ‘बझूका’ राडेबे यांची 2016 मध्ये हत्या झाली होती. अर्जदारांत आणखी दक्षिणेकडची द्वेसा-क्वेबे इथल्या लोकांची सामूहिक जमीन संस्थाही होती. या लोकांना आधी राखीव जंगलातून हुसकावलं, मग कुंपणाबाहेर ठेवलं. 1994 च्या सुमारास संतापून ते जंगलात घुसले, झाडं तोडली, शिंपले ओरबाडले, आणि देशभर ‘निसर्गाचे शत्रू’ म्हणून गाजले. 2001 मध्ये जमीन त्यांच्या नावावर झाली, पण समोरच्या समुद्रात मासेमारीला बंदीच राहिली. गळ घेऊन गेलेल्या तिघांना 2010 मध्ये पकडलं गेलं. पूर्वापार मासे धरणं हा त्यांचा हक्क आहे, हे सर्वोच्च अपील न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलं.

त्याच लोकांनी शेलविरुद्ध सांगितलं की हा समुद्र आमचं पोट आहे आणि त्यात आमचे पूर्वज राहतात, तुम्ही आम्हाला विचारलंच नाही. माखांडाच्या उच्च न्यायालयाने 28 डिसेंबर 2021 रोजी चाचण्या थांबवल्या आणि सप्टेंबर 2022 मध्ये शेलचा परवाना रद्द केला. 2024 मध्ये अपील न्यायालयानेही परवाना देण्यात चूक झाली हे मान्य केलं, पण परवान्याच्या नूतनीकरणाचा मार्ग कंपनीसाठी खुला ठेवला. त्या मुद्द्यावर गावकरी पुढे संविधान न्यायालयात गेले.